घरी बांधलेल्या विमानातील इंधननळी फिटिंगपाशी पाझरते आहे, नट आणखी आवळावा का?

प्रश्न
गॅरेजमधले_पंख (ओहायो)

नमस्कार. गेली साडेचार वर्षे मी आरव्ही-९ए हे दोन आसनी विमान संचावरून बांधतो आहे. इंजिन लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्तीचे, कार्बोरेटरवर चालणारे आहे. गेल्या महिन्यात सांगाडा गॅरेजमधून हँगरमध्ये नेला, पंख जोडले आणि पंखांतल्या टाक्यांपासून केबिनमधल्या सिलेक्टर व्हॉल्व्हपर्यंतच्या (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणाऱ्या झडपेपर्यंतच्या) नळ्या पूर्ण केल्या. नळी ५०५२-ओ प्रकारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियमची आहे, बाहेरचा व्यास ३/८ इंच आणि भिंतीची जाडी ०.०३५ इंच. फिटिंग विमानांसाठीच्या एएन मालिकेतील आहेत आणि फ्लेअर, म्हणजे नळीची शंकूसारखी उघडलेली तोंडे, ३७ अंशांचे हत्यार वापरून मीच केले आहेत. (पहिल्या वर्षी मोटारींच्या दुकानातून आणलेल्या ४५ अंशांच्या हत्याराने केलेले फ्लेअर चूक कळताच टाकून दिले. त्यातले एकही विमानात नाही.)

गेल्या शनिवारी डाव्या टाकीत पाच गॅलन १००एलएल (विमानाचे निळसर पेट्रोल) ओतले आणि रविवारी सकाळी पाहिले, तर पंखाचे मूळ आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीत, टाकीच्या फिटिंगवरच्या नटाभोवती फिकट निळे कडे उमटलेले होते. थेंब गळत नव्हता, बोटाला ओल लागत नव्हती, पण वास होता आणि डाग पुसल्यावर संध्याकाळपर्यंत तो पुन्हा आला. नट मी टॉर्क रेंचने १०० इंच-पौंडांवर आवळलेला आहे. आमच्या हँगरमधील एका अनुभवी सद्गृहस्थांनी आणखी पाव फेरा द्यायला सांगितले. ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त विमाने हाताळतात, तरीही पाना हातात घेतल्यावर माझे मन धजावले नाही.

या नळीबद्दलच्या निर्णयाखेरीज आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हल्ली अनेक जण टाकीपासून इंजिनापर्यंत सगळीकडे पोलादी जाळीच्या आवरणाचे टेफ्लॉनचे होज (लवचीक नळ्या) लावतात. मीही या कटकटीतून सुटण्यासाठी सगळ्या नळ्या काढून होज लावावेत का? आणि पंखाच्या मुळावरची फेअरिंग (फट झाकणारे आवरण) कायमची बसवण्याआधी ही संपूर्ण व्यवस्था तपासायची खात्रीची रीत कोणती? या विमानात माझी मुलगी शेजारच्या आसनावर बसणार आहे. त्यामुळे उत्तर कितीही वेळखाऊ असले तरी चालेल.

उत्तर १
ओझरकर (नाशिक)

पाना खाली ठेवलात हे उत्तम केलेत. आधी नट का आवळायचा नाही ते सांगतो, मग काय करायचे ते.

ओझरला विमानांच्या पाइप शॉपमध्ये माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. ती कामे हायड्रॉलिकची आणि बहुतांशी पोलादी नळ्यांची होती, पण फ्लेअर केलेला सांधा कसा धरतो हे दोन्हीकडे सारखेच असते. या सांध्यात रबर नाही, पेस्ट नाही, टेप नाही. नळीचे उघडलेले तोंड फिटिंगच्या शंकूवर सर्व बाजूंनी सारखे टेकते, मागून स्लीव्ह (नटाच्या आत नळीवर चढवलेली छोटी बाही) त्याला दाबून धरते आणि धातूवर धातू बसून सांधा बंद होतो. हा स्पर्श गोलाकार आणि पूर्ण असेल, तर नट थोडा आवळला तरी एक थेंब बाहेर येत नाही. स्पर्श एका बाजूला कमी असेल, तर तुम्ही नट आवळून दुसऱ्या बाजूचा मऊ धातू चिरडता. पाझर कदाचित थांबेल, पण तिथे नळीची भिंत पातळ झालेली असेल, आणि इंजिनाच्या थरथरीने काही तासांनी त्याच कडेला भेग जाईल. ३/८ इंची ५०५२-ओ नळीसाठी ७५ ते १२५ इंच-पौंड ही मर्यादा अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या ४३.१३ या मार्गदर्शिकेत दिलेली आहे. तुम्ही तिच्या बरोबर मधोमध आहात. म्हणजे आवळण्यात काही कमी राहिलेले नाही, दोष दुसरीकडे आहे.

आता एक परीक्षा करा. टाकी रिकामी करा, नट पूर्ण सोडा आणि सोडतानाच नळीच्या तोंडाकडे नीट पाहा. नट सुटताक्षणी नळी जागेवरून किंचितही सरकली, तर ती ताणून बसवलेली आहे. असे असेल तर बहुधा फ्लेअरमध्ये काहीच वाईट नसते. आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवले जाई: नळी फिटिंगसमोर स्वतःहून येऊन उभी राहिली पाहिजे आणि नट शेवटच्या आट्यापर्यंत नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. पान्याचे काम त्यानंतर सुरू होते. नट दोन आट्यांनंतर जड जाऊ लागला, म्हणजे तुम्ही पान्याने नळी ओढत आहात असे समजा.

त्यानंतर भिंग घेऊन फ्लेअरची आतली बाजू पाहा. शंकूवर टेकल्याची चकाकी पूर्ण वर्तुळात दिसली पाहिजे. अर्धचंद्रासारखी दिसली, तर नळी तिरकी बसत होती. कडेला केसासारखी चीर दिसली, तर नळी कापल्यावर बर (कडेला उरणारी धातूची बारीक कोर) नीट काढलेली नव्हती किंवा कापच सरळ नव्हता, आणि मग त्या नळीला वाचवण्याचा प्रयत्न करू नका. फ्लेअरची कड स्लीव्हच्या तोंडाबाहेर दिसली पाहिजे, पण स्लीव्हच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठी नसावी. लहान असली तर धरायला धातू पुरत नाही आणि मोठी असली तर ती नटाच्या आट्यांत घासते.

नवीन नळी करावी लागली तर टाकीचे फिटिंग आणि सांगाड्यातून बाहेर येणारे टोक यांच्यामध्ये ती सरळ रेषेत बसवू नका. दोन पक्क्या टोकांमधली सरळ नळी उन्हात तापली किंवा पंख किंचित लवला, तर सगळा ताण थेट फ्लेअरवर घेते. एखादा बाक दिला की तो ताण बाकात मुरतो. ३/८ इंची नळीला मध्यरेषेपासून १५/१६ इंचापेक्षा लहान त्रिज्या देऊ नये, आणि बाकाच्या जागी नळी चपटी होऊन तिचा लहान व्यास मूळच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर ती बाद करावी. थेट नळी वाकवण्याऐवजी आधी वेल्डिंगची काडी वाकवून जागेवर नमुना तयार करा. काडी दहा वेळा वाकवून पाहता येते, नळीला ती मुभा नसते. आणि फ्लेअर करण्यापूर्वी नट आणि स्लीव्ह दोन्ही नळीवर, योग्य दिशेने, चढवल्या आहेत ना हे मोठ्याने म्हणून तपासा. तीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या हातूनही ही चूक होते, माझ्या हातून झालेली आहे.

नळीला आधार देणारे गादीचे क्लॅम्प सर्वांत शेवटी लावा. नळीला क्लॅम्पने ओढून जागेवर आणू नका, क्लॅम्पची जागा नळीप्रमाणे ठरवा. या मापाच्या अ‍ॅल्युमिनियम नळीला दोन आधारांत साडेसोळा इंचांपेक्षा जास्त अंतर असू नये.

उत्तर २
वैमानिक_गृहिणी (टेक्सास)

ओझरकर काकांनी सांध्याबद्दल सांगितले आहे, त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही. होज आणि चाचणी या दोन प्रश्नांवर लिहिते. माझी आरव्ही-७ए आता सहाशे तासांच्या पुढे उडाली आहे आणि तिच्या केबिनमधल्या नळ्या अजून पहिल्याच आहेत.

फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या अग्निरोधक भिंतीच्या) पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, लवचीक होजच हवा, याबद्दल दुमत नाही. इंजिन आपल्या रबरी माउंटवर हलत असते आणि सुरू होताना व बंद होताना तर चांगलेच हेलकावते. तिथे ताठ नळी टिकत नाही. शिवाय त्या भागात आग लागली तर अ‍ॅल्युमिनियम ६५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. अग्निरोधक म्हणून प्रमाणित होणाऱ्या होजला मात्र साधारण १,०९३ अंशांच्या ज्वाळेत ५ मिनिटे टिकावे लागते. म्हणून तिथे फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारे आवरण) चढवलेला, कारखान्यात जोडून दाब देऊन तपासलेला होजच लावावा. ती पाच मिनिटे खाली उतरण्यासाठी असतात.

फायरवॉलच्या मागे मात्र मी चांगली वाकवलेली नळीच पसंत करते. होज लावले की फ्लेअर करावे लागत नाहीत हे खरे, पण तुमचा प्रश्न ज्या चुकीतून निघाला तीच चूक होज झाकून टाकतो. होजसुद्धा पिळून किंवा त्याच्या किमान त्रिज्येपेक्षा जास्त वाकवून बसवता येतो आणि जाळीच्या आत टेफ्लॉन मोडले तरी बाहेरून ते कळत नाही. पंख आणि सांगाडा यांच्यामधल्या त्या छोट्या तुकड्यापुरता होज लावणारे पुष्कळ आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण तिथून सुटका मिळावी म्हणून सगळी व्यवस्था बदलणे मला पटत नाही.

संचाच्या आराखड्यात सिलेक्टर व्हॉल्व्ह जिथे दाखवला आहे तिथून तो हलवू नका, हेही याच संदर्भात सांगते. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटरेच्या किनाऱ्याजवळ ज्या लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानाच्या अपघातात मरण पावले, त्या विमानाच्या बांधणाऱ्याने इंधनाच्या नळ्या केबिनमध्ये येऊ नयेत म्हणून सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. बर्ट रूटन यांच्या मूळ आराखड्यात तो वैमानिकाच्या पायांमध्ये होता. मागे वळून तो फिरवताना लक्ष विचलित झाले आणि उजव्या रडरच्या (विमानाचे नाक वळवणाऱ्या सुकाणूच्या) पेडलवर पाय दाबला गेला, असा निष्कर्ष तपासातून निघाला. नळ्यांचा मार्ग बदलण्यामागचा विचार सुरक्षेचाच होता. म्हणूनच ती घटना मला विसरता येत नाही.

आता चाचणी. माझ्या बाबतीत घडलेले आधी सांगते. पहिल्यांदा इंजिन जमिनीवर पूर्ण ताकदीने चालवले तेव्हा चार मिनिटांत ते अडखळू लागले. गाळणी उघडली तर जाळीवर अ‍ॅल्युमिनियमची केसासारखी बारीक वेटोळी आणि पांढऱ्या टेपचे दोन तंतू होते. वेटोळी मी बल्कहेडमध्ये (सांगाड्यातल्या आडव्या भिंतीत) भोक मोठे करताना उघड्या ठेवलेल्या नळीत गेली होती, आणि टेप मी निमुळत्या आट्यांवर गुंडाळली होती, जी इंधनाच्या आट्यांवर कधीही वापरू नये. तेव्हापासून नळीचे एक टोक जरी उघडे राहणार असेल तरी मी त्यावर टोपी लावते, आणि निमुळत्या आट्यांवर इंधनात न विरघळणारी पेस्ट पहिले दोन आटे सोडून लावते. हे हवेत घडले असते तर काय, या विचाराने तेव्हा छातीत धस्स झाले होते.

म्हणून आधी सगळ्या नळ्या इंधनाने धुऊन काढा, कार्बोरेटरपाशी होज सोडून बाहेर येणारे इंधन पांढऱ्या कापडातून गाळा आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. मग प्रवाह मोजा. पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेने इंजिनाच्या उड्डाणावेळच्या गरजेच्या १२५ टक्के इंधन पुरवले पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या उंच पंखांच्या विमानांसाठी तो १५० टक्के आहे. दर अश्वशक्तीला तासाला ०.५५ पौंड धरले तर १६० अश्वशक्तीला ८८ पौंड, म्हणजे सुमारे १४.७ गॅलन लागतात, आणि त्याचे १२५ टक्के म्हणजे तासाला १८.३ गॅलन. तुमच्या पाच गॅलनना साधारण सव्वासोळा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. हे मोजताना विमान सपाट ठेवू नका. पुढचे चाक उताराच्या फळीवर चढवून नाक चढत्या उड्डाणापेक्षाही थोडे अधिक वर ठेवा, कारण इंधनाची खरी परीक्षा त्या स्थितीत होते. टाकीत शेवटी किती इंधन उरते आणि पंपाला मिळत नाही, तो आकडाही याच वेळी हाती येतो. प्रत्येक टाकी वेगळी मोजा. हे काम हँगरच्या बाहेर, विमान आणि धातूचा डबा तारेने जमिनीशी जोडून, अग्निशामक जवळ ठेवून आणि दुसऱ्या माणसाला सोबत घेऊनच करा.

२०१२ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने घरबांधणीच्या विमानांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात इंधन व्यवस्थेची अशी कार्यचाचणी नोंदीसह बंधनकारक करावी अशी शिफारस होती. नियम काहीही म्हणो, तुम्ही आकडे वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी गाळणी तुंबली तर तुलनेला काहीतरी हाती असेल.

उत्तर ३
सह्याद्री_९१२ (पुणे)

माझे विमान छोटे आहे, रोटॅक्स ९१२ वर चालणारे मायक्रोलाइट, त्यामुळे लायकमिंगबद्दल मी बोलणार नाही. पण ज्यांच्याकडे रोटॅक्स आहे अशा वाचकांसाठी दोन गोष्टी नोंदवतो.

रोटॅक्सच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात, त्या कितीही चांगल्या दिसत असल्या तरी. मी एकदा चार वर्षांची नळी कापून पाहिली. बाहेरून ती मऊ आणि काळीभोर होती, आतल्या अस्तरावर मात्र नखाने ओरखडल्यासारख्या आडव्या भेगा होत्या. आणि इथेनॉल: या इंजिनाच्या निर्मात्याने १० टक्क्यांपर्यंतच मुभा दिली आहे, तर भारतात २०२५ पासून पंपावर सर्रास मिळणारे पेट्रोल २० टक्के मिश्रणाचे आहे. पेट्रोल पंपाचे इंधन स्वस्त पडते म्हणून ते भरण्याआधी इंजिन, नळी, गाळणीची काच, टाकीचे सीलंट अशा प्रत्येक गोष्टीला ते चालते का हे पाहायला हवे. आमच्या गटाने ते भरणे बंद केले आहे.

आणखी एक. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी इंजिन बंद करून वीस मिनिटांनी पुन्हा सुरू केले की बॉनेटखालच्या नळीत इंधनाची वाफ अडकते. परतीची नळी टाकीपर्यंत नेलेली असली की वाफ तिच्यावाटे निघून जाते, म्हणून ती वगळू नये. नळीचा मार्गही असा ठेवावा की मध्येच उंच कमान होणार नाही, कारण वाफ तिथेच साठते.

प्रश्नकर्त्याचे पुढचे टिपण
गॅरेजमधले_पंख (ओहायो)

काका, आपले म्हणणे तंतोतंत खरे ठरले. टाकी रिकामी केली, बायकोला विजेरी धरायला सांगितली आणि नट सोडला. शेवटचा आटा सुटताच नळी ‘टक्’ असा आवाज करून बाजूला सरकली, जवळजवळ १/८ इंच. भिंगातून पाहिले तर फ्लेअरमध्ये खालच्या बाजूला आरशासारखी चकाकी होती आणि वरचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मंद, म्हणजे तो शंकूला नीट टेकलाच नव्हता. पाव फेरा दिला असता तर तो चकाकणारा भाग आणखी चिरडला गेला असता आणि डाग थांबल्याच्या आनंदात मी फेअरिंग बसवून टाकली असती.

काडीचा नमुना चौथ्या प्रयत्नात जमला. नवीन नळीला दोन सौम्य बाक दिले आहेत, आणि ती आता हात सोडला तरी फिटिंगसमोर जागेवर उभी राहते. नट तळापर्यंत बोटांनी गेला. टॉर्क तेवढाच, १०० इंच-पौंड, आणि दुसऱ्या पान्याने फिटिंग धरून. नटाभोवती पांढरा कागदी रुमाल बांधून तीन दिवस टाकी भरलेली ठेवली. रुमाल पांढराच राहिला.

मग मनात आले की उजवी बाजू पाझरत नाही म्हणून ती ठीकच असेल हे कशावरून? तिथला नट सोडला, नळी हलली नाही. पण भिंगाखाली फ्लेअरच्या कडेला एक बारीक चीर निघाली, साधारण दीड मिलिमीटर लांब. बर काढताना कानस आतून फिरवायची राहिली असावी. ती नळीही नवीन केली.

ताई, प्रवाह काल मोजला. नाक उताराच्या फळीवर चढवून, विजेच्या पंपावर, डाव्या टाकीतून पाच गॅलनना १२ मिनिटे ४० सेकंद लागले, उजवीतून १३ मिनिटे १० सेकंद. म्हणजे तासाला अनुक्रमे सुमारे २३.७ आणि २२.८ गॅलन. कापडावर डाव्या बाजूने तीन कण निघाले, दुसऱ्या धुण्यात एकही नाही. होज फक्त फायरवॉलच्या पुढे राहतील. फेअरिंग मात्र मी अजून बसवलेली नाही.

ओझरकर (नाशिक)

फेअरिंग पहिल्या दहा तासांनंतरच कायमची बसवा. तोपर्यंत प्रत्येक नटावर आणि फिटिंगवर मिळून लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवा आणि प्रत्येक उड्डाणानंतर रेघ तुटली का, रुमाल निळा झाला का, एवढेच पाहा. रेघ जुळलेली असेल तर नटाला पाना लावू नका.